गवतातलं स्टेशन आणि ‘बार्शी लाइट’

डी-१०२: [फोटो] बार्शीच्या पुढे लातूरकडे जाताना हे दिसलं. दगडी खोली, समोर फलाटाचा कट्टा, रूळ कुठेच नाहीत. स्टेशन होतं का हे?

ए-७०१: होय रे. बार्शी लाइट रेल्वे, दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. कुर्डुवाडी-बार्शी १८९७ ला सुरू झाली. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज.

सी-४०३: ‘लाइट’ म्हणजे डब्यात दिवे चांगले, असं मला लहानपणी वाटायचं 😄

ए-७०१: लाइट म्हणजे हलकी! कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरचा हट्ट होता, एका आसावर ५ टनांच्या वर भार नको. मग हलके रूळ पुरतात आणि खर्च वाचतो. याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं.

बी-६०५: बार्शीवर इंग्रजांची एवढी मेहेरबानी?

ए-७०१: मेहेरबानी कसली! मुंबई-मद्रास लाइन बार्शीला टाळून गेली होती. एवढी मोठी बाजारपेठ, आणि माल बैलगाडीने स्टेशनवर न्यायचा. कुर्डुवाडी स्टेशनचं नावच तेव्हा ‘बार्शी रोड’ होतं. नावात ‘रोड’ दिसलं की समजायचं, गाव लांब आहे.

डी-१०२: आपल्याला ‘बाणेर ॲनेक्स’ म्हणून फ्लॅट विकले, तसंच.

सी-४०३: 😂😂 माझं आजोळ लातूर. पुण्याहून रात्री बसायचं आणि पहाटे कुर्डुवाडीला झोपाळलेल्या पोरांना, बोचक्यांना ओढत छोट्या गाडीकडे पळायचं. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या गाडीकडे बघवायचं नाही. टपावरसुद्धा माणसं.

ए-१०४: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. कृपया.

ए-७०१: टाकी धुण्याचा मेसेज सकाळीच वाचलाय हो.

बी-६०५: काका, मग बंद का पडलं?

ए-७०१: १९५४ ला सरकारने लाइन ताब्यात घेतली. पुढे मोठी लाइन (रुंद रुळांची, ब्रॉडगेज) टाकताना लातूरचा मार्ग उस्मानाबादकडून वळवला. २००८ ला तो कुर्डुवाडीपर्यंत जोडला गेला. जिल्ह्याचं गाव असून उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, छोट्या लाइनवर नव्हतंच. त्यांना रेल्वे मिळाली, त्या फोटोतल्या खोलीची गेली. मला तरी ते वळण योग्यच वाटतं.

सी-४०३: पटतं. तरी खिडकी बघून गलबललं. तिथूनच पुठ्ठ्याचं तिकीट मिळायचं. आत काय आहे रे आता?

डी-१०२: डोकावलो होतो. शेळ्या बांधल्यात.

सी-४०३: मग फार काही बदललेलं नाही. आमच्या डब्यातही असायच्या.