क्वांटम किल्ली-वितरणाची सेवा शहराबाहेर का अडते?

प्रश्न: ब्रिटिश दूरसंचार कंपनी बीटी आणि जपानी कंपनी तोशिबा यांनी एप्रिल २०२२ मध्ये लंडनमध्ये क्वांटम-सुरक्षित जाळ्याची (ज्यात संदेश कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली एकेका प्रकाशकणाने, म्हणजे फोटॉनने, पाठवली जाते) व्यावसायिक चाचणी सुरू केली व लेखा-सल्लागार कंपनी ईवाय तिची पहिली ग्राहक झाली, मग अशी सेवा दूरच्या शहरांपर्यंत नेणे कठीण का जाते?

उत्तर १: अडचण हे फोटॉन वाहून नेणाऱ्या काचेच्या तारेत, म्हणजे फायबरमध्येच आहे. दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल क्षय (प्रकाश क्षीण होणे) धरला, तर १०० किलोमीटरनंतर शंभरांतला जेमतेम एक फोटॉन पोहोचतो, आणि अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नसल्यामुळे संकेत वाढवणारा नेहमीचा अ‍ॅम्प्लिफायर येथे निरुपयोगी ठरतो. म्हणून वाटेत विश्वासार्ह केंद्रे उभारावी लागतात; तिथे किल्ली उघडी होऊन पुढच्या टप्प्यासाठी नव्याने पाठवली जाते, म्हणून तिथे पहारा लागतो.

उत्तर २: त्या केंद्रांच्या पहाऱ्याचा खर्चही ग्राहकावरच पडतो. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेची मानक-संस्था निस्ट हिने क्वांटम-प्रतिरोधक कूटलेखनाची (क्वांटम संगणकासमोरही टिकावी अशा, गणितावर आधारित गुप्तलेखनाची) मानके जाहीर केली असून त्यांना वेगळे फायबर लागत नाही. माझ्या मते बँका आधी तिकडेच वळतील.