जेवण बंद म्हणजे काम बंद नव्हे
एकांनी विचारलंय, करोनात विमानात खाणंपिणं बंद होतं, मग चार-चार कर्मचारी कशाला? अहो, ते वाढपी म्हणून नसतातच मुळी! दर ५० आसनांमागे एक हा हिशेब आणीबाणीत विमान रिकामं करण्यासाठीचा. १८० आसनांच्या विमानात चौघं लागतातच, मग ट्रॉली फिरो न फिरो. २५ मे २०२० ला देशांतर्गत उड्डाणं पुन्हा सुरू झाली, तेव्हा हीच मंडळी पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन मास्क नाकावर घ्या म्हणून विनवत होती. (आणि आपले लोक चाकं टेकताच उठून उभे!)

मधल्या सीटचं म्हणाल तर गोंधळच. १ जूनला डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) सांगितलं, शक्यतो रिकामी ठेवा, नाहीतर तिथल्या प्रवाशाला अंगभर गाऊन द्या. म्हणजे मधला गाऊनमध्ये गुंडाळलेला आणि कोपराला कोपर लावून बसलेले दोघे नुसत्या मास्क-शील्डवर. पुढे १५ जूनला मुंबई उच्च न्यायालयानेही मधली सीट भरायला परवानगी दिली. केबिनमधली हवा हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरमधून जाते हे खरं, पण शेजारचा तोंडावर शिंकला तर फिल्टर काय करणार?