एसी, बाग आणि सीसीटीव्ही बघून म्हाताऱ्या माणसाला कुठं ठेवायचं ठरवू नका

शहापूरकर
काल इथं कुणीतरी लिहिलं, 'स्मृतिभ्रंशाच्या पेशंटसाठी बेळगावात केंद्र निवडताना एसी खोली, बाग आणि सीसीटीव्ही बघा, बाकी सगळीकडं सारखंच.' वाचून डोकं उठलं. त्या 'बाकी'तच सगळं असतं.

बघायला सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा आंघोळी झालेल्या, वेण्या घातलेल्या असतात. न कळवता संध्याकाळी पाच ते सात जा. दिवस मावळताना या माणसांची घालमेल वाढते, 'घरी जायचंय' म्हणून दार धरून उभी राहतात. त्या वेळी मावशी हात धरून दोन फेऱ्या मारते, की 'बस गप' म्हणून खुर्चीत दाबते, ते बघा. मग संडास बघा. पांढरी फरशी, पांढरा कमोड, पांढरी सीट असली तर सीट नजरेला लागतच नाही. बाहेर होतं आणि बोलणी म्हातारीला. सीट गडद रंगाची पाहिजे, पलंगावरून संडासाचं दार दिसलं पाहिजे. दारातलं काळं पायपुसणं कित्येकांना खड्डा वाटतं, पाय उचलत नाहीत. शेवटी विचारा, रात्री दोनला इमारतीत जागं कोण असतं? वॉचमन त्यात धरू नका.

निपाणीची सून
हे सगळं मान्य, पण पहिला प्रश्न भाषेचा. नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते. जन्मभर बाजारात कन्नड बोललेली बाई शेवटी मराठीवरच येते. खानापूरकडची आजी 'परसाकडं', म्हणजे संडासला जायचंय, म्हणत उठायला बघते, कन्नड मावशीला कळत नाही, ती खांदा धरून परत बसवते. तीन वेळा असं झालं की लुगडं खराब होतं आणि वहीत नोंद पडते, 'नियंत्रण गेलं, डायपर सुरू.' नियंत्रण कुठं गेलं होतं? शब्द कळला नव्हता.

चिकोडी रोड
1956 पासूनचं भांडण आता म्हाताऱ्यांच्या अंथरुणापर्यंत न्यायचं काय? 'परसाकडं' पुण्यात शिकलेल्या मराठी नर्सला तरी कळेल काय? दुखणं भाषेशिवाय ओळखता येतं. त्यासाठी पेनॅड नावाची मोजणी आहे: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होतो का, या पाचांना प्रत्येकी 0 ते 2 गुण. शिकवलेली कन्नड मुलगी न शिकवलेल्या मराठी बाईपेक्षा केव्हाही चांगली.

निपाणीची सून
भांडण कोण आणतंय? कन्नड आजी मराठी मावशीच्या हाती लागली तरी हेच म्हणेन. 10 पैकी 6 गुण आले, म्हणजे दुखतंय एवढंच कळलं. दाढ, पोट की लघवीची जळजळ, हे त्या आकड्यातून कोण सांगणार?

टिळकवाडी
भाषेवरून तुटून पडताय, पण खरा घात गोळीनं होतो. माणूस दोन दिवसांत एकदम बिघडला, ओरडायला लागला, तर आधी लघवीची तपासणी, शौच कधी झाली, पाणी किती गेलं, नवीन औषध कुठलं, हे बघायचं. बऱ्याच ठिकाणी थेट क्वेटियापीन किंवा रिस्पेरिडोन ही मनोविकाराची औषधं चढवतात. या जातीच्या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2005 मध्येच दिला. कधीच द्यायची नाहीत असं नाही, पण कुणी सुरू केली, कशासाठी, बंद कधी करणार, हे लिहिलेलं दाखवा म्हणायचं. बांधण्याचंही तसंच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 97 वाचा. तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच बांधता येतं, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं, नोंद करून. 'मऊ पट्टा आहे' म्हटलं तरी ते बांधणंच.

खानापूर नाका
मग कोल्हापूरला ठेवा की, भाषा मिटली.

शहापूरकर
शंभर किलोमीटरवर? रात्री ठसका लागून ताप आला आणि दवाखान्यात हलवायचं म्हटलं तर पोचणार कोण? आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी, जेवणाच्या वक्ताला जाता येईल एवढ्याच अंतरावर ठेवा. घास गिळून व्हायच्या आत दुसरा कोंबतात काय, हे फोनवर कळत नाही. आणि मुखत्यारपत्र आहे म्हणून निवांत राहू नका. देणाऱ्याचं भान गेलं की करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे ते संपतं. बँकेचं संयुक्त खातं भान असतानाच करून ठेवा.

चिकोडी रोड
भाषेचा मुद्दा अर्धा मान्य करतो, अर्धाच. घरच्यांनी पंधरा शब्दांचा कागद करून द्यावा: आजीचा शब्द, शेजारी कन्नडमध्ये अर्थ, मोठ्या अक्षरात, पलंगाच्या उशाशी. पाणी म्हणजे नीरु, जेवण म्हणजे ऊटा, दुखतंय म्हणजे नोवु. हे जमत नाही म्हणणाऱ्या केंद्रात ठेवू नका.

निपाणीची सून
पुस्तकातले शब्द नको, आजी म्हणते तेच लिहायचे. 'परसाकडं' सगळ्यात वर. आणि एक कागद संडासाच्या दारालाही चिकटवा, रात्रपाळीची बाई बदलत असते.