मदत हवी आहे: जुन्या सीडी १०० बाइकच्या इंजिनाच्या हेडमधले स्पार्क प्लगचे आटे गेले. बुश (आटे असलेली नळी) मारू, हेलिकॉइल (तारेची स्प्रिंग) बसवू की हेडच बदलू?

भांडुपचा भिडू:

नमस्कार मंडळी,

गाडी हीरो होंडा सीडी १००, १९९२चं मॉडेल. मामांकडून माझ्याकडे आलेली. पावसाळाभर सोसायटीच्या पत्र्याखाली उभी होती. गणपतीनंतर बाहेर काढली तर किक मारमारून पाय भरून आला, गाडी ढिम्म. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला म्हटलं, प्लग बघ. प्लग हलेना, म्हणून त्याने पान्याला पाइप लावून हिसका दिला. प्लग निघाला, पण आटे सोबत घेऊनच. प्लगवर अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली होती.

आता नवा प्लग आत जातो, जरा धरल्यासारखं करतो आणि मग नुसताच फिरतो. बोटाने हलवला तरी डुगडुगतो. एकदा चालू करून पाहिली तर फुस्स फुस्स आवाज आणि प्लगच्या बुडाशी काळं तेल. लगेच बंद केली.

आतापर्यंत मिळालेले सल्ले असे. गॅरेजवाला म्हणतो, “टेफ्लॉन टेप मारके बिठा देता है, कुछ नहीं होता.” दुसरा म्हणतो भोक मोठं करून १२ मिमीचा प्लग घाला. एका लेथवाल्याने फोनवर सांगितलं, हेड घेऊन या, बुश मारून देतो. ऑफिसमधला मित्र म्हणतो कुर्ल्याला जुनं हेड मिळेल, कशाला डोक्याला ताप.

जाणकारांनी सांगावं:
१) हेड न उतरवता हेलिकॉइल बसतं का? यूट्यूबवर तरी सगळे तसंच बसवताना दिसतात.
२) बुश आणि हेलिकॉइल यात टिकाऊ काय?
३) हेड बदललं तर आरटीओची काही भानगड?

आगाऊ धन्यवाद.

कुर्ला ते कल्याण:

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, सोपं आहे. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, हेडवर नाही. हेड बदललं तरी आरसीला धक्का लागत नाही.

पण कुर्ल्याचं जुनं हेड घेताना त्याचेही आटे बघा. टॉर्च घेऊन जा आणि नवा प्लग खिशात ठेवा. बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, मध्ये कुठेही पाना लागता कामा नये. कॅम (वॉल्व उघडणारा दांडा) बसतो ती जागा घासलेली असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. पूर्वी कुणीतरी बुश मारलेलं हेड पॉलिश करून तुमच्या गळ्यात मारतील, तेही बघा.

लेथबहाद्दर:

टेपवाल्याला लांबूनच नमस्कार करा. प्लगची उष्णता आटे आणि वॉशरमधूनच हेडमध्ये जाते. मध्ये टेप आली की प्लग तापत राहणार, आणि टेप काही आटे धरून ठेवत नाही. एखाद्या दिवशी प्लग गोळीसारखा उडेल. एम-सीलचंही तेच. आणि तोवर गाडी अजिबात चालू करू नका.

१२ मिमीचा सल्लाही नको. तुमच्या गाडीचा प्लग १० मिमीचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, आणि आट्यांची लांबी १२.७ मिमी. बाजारात १२ मिमीचे जे प्लग सर्रास मिळतात त्यांची लांबी बहुतेक १९ मिमी. म्हणजे सहा मिमीहून जास्त भाग आत डोकावणार आणि पिस्टनशी किंवा वॉल्वशी गाठ पडणार. शिवाय ते आटे गेले तर पुढच्या दुरुस्तीला हेडमध्ये मांस उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. हेड जागेवर ठेवून टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारता येतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं, अर्धा आटा पुढे, पाव मागे, दर थोड्या वेळाने काढून पुसायचा. ग्रीसला चिकटून बराचसा चुरा बाहेर येतो. बराचसा, सगळा नाही. ज्या गाड्यांचं सिलिंडर उभं आहे तिथे उरलेला चुरा पिस्टनच्या माथ्यावर पडतो, बारीक नळी लावून ओढता येतो. तुमचं इंजिन आडवं आहे. चुरा सिलिंडरच्या भिंतीवर पडणार, पिस्टन त्यावरून फिरणार आणि ओरखडे येणार. व्हिडिओवाले हे दाखवत नाहीत. शिवाय वाकून, अंदाजाने हातात धरलेला टॅप जरासा तिरका गेला की संपलं. म्हणून माझं मत स्पष्ट: हेड उतरवा.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग. तिच्यासाठी खास टॅप लागतो, साधा १० मिमीचा चालत नाही. नागदेवी स्ट्रीटला टूल्सच्या दुकानांत विचारा, आणि “स्पार्क प्लगसाठी, १० बाय १” असं स्पष्ट सांगा, नाहीतर १० बाय १.५ हातात ठेवतील, तो नेहमीच्या बोल्टचा. फायदा असा की वॉशर हेडच्या मूळ बैठकीवरच बसतो. तोटा असा की पुढे कधी प्लग अडकला तर तार त्याच्याबरोबर बाहेर येऊ शकते.

बुश म्हणजे अख्खी नळी, आतून बाहेरून आटे, वर कॉलर. नीट बसला तर हेडच्या मूळ आट्यांपेक्षा दणकट. पण लेथवाल्याला दोन गोष्टी समोर उभं राहून सांगा. एक, कम्प्रेशन आटे नाही, वॉशर अडवतो. म्हणून कॉलरची बैठक प्लगच्या भोकाला काटकोनात हवी, नाहीतर नव्या आट्यांतूनही फुस्स चालूच राहील. दोन, बुशचं टोक ज्वलनकक्षात डोकावू देऊ नका. बाहेर आलेला काठ तापून लाल होतो आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतो. आखूड राहिला तर उघड्या आट्यांत कार्बन साचून पुढचा प्लग पुन्हा अडकतो.

कुणी आर्गन वेल्डिंगने भोक भरून नव्याने आटे पाडतो म्हणाला, तर तेही होतं, पण हेड तापून वाकलं तर फेस मारावा (बैठक पुन्हा सपाट करावी) लागतो. एका भोकापायी एवढा खटाटोप नको.

मी तुमच्या जागी असतो तर बुश.

शंकासूर:

एक शंका. सगळेच आटे गेलेत की वरचे एक-दोन? आतले शाबूत असतील तर जुन्या प्लगच्या आट्यांना उभ्या खाचा पाडून तोच टॅपसारखा फिरवला की काम होतं. माझ्या वडिलांच्या गाडीला केलंय.

भांडुपचा भिडू:

शंकासूर, तार चांगली तीन-चार वेढ्यांची निघाली हो, आत काही उरलेलं दिसत नाही. लेथबहाद्दर, मनापासून आभार. शनिवारी हेड उतरवून बुशच मारून घेतो. हेड खाली आलंच आहे तर आणखी काय करून घेऊ? आणि नवा प्लग किती आवळायचा? पुन्हा त्या पाइपवाल्याच्या हाती द्यायची इच्छा नाही.

लेथबहाद्दर:

वॉल्व घासून घ्या, वॉल्वचे ऑइल सील आणि हेड गॅस्केट नवीन टाका. जुनं गॅस्केट परत लावू म्हणेल, ऐकू नका. बसवल्यावर टॅपेट (वॉल्वची फट) सेट करायला विसरू नका.

प्लग थंड इंजिनवर, आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत. मग नवा वॉशर असेल तर पान्याने साधारण अर्धा फेरा. टॉर्क पाना असेल तर १० ते १२ न्यूटन-मीटर. जुनाच प्लग परत बसवताना वॉशर आधीच दबलेला असतो, तिथे पान्याचा हलका स्पर्श पुरे. आट्यांना ग्रीस लावायचा मोह टाळा, त्याने नकळत जास्त आवळला जातो.

आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर मधूनमधून प्लग काढून पुन्हा बसवत जा. आपल्याकडच्या दमट हवेत स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना धरून बसतात.

कुर्ला ते कल्याण:

लेथवाल्याकडे जाताना नवा प्लग बरोबर न्या आणि त्याच्यासमोरच हाताने फिरवून बघा. पैसे त्यानंतर.