मदत हवी आहे: दुसऱ्या ग्रुपचं संगीत-संयोजन (अरेंजमेंट) उचललं, आता त्यांना काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी. आमचा सात जणांचा हौशी वाद्यवृंद आहे, जुनी भावगीतं करतो. मी कीबोर्डवर असतो, पीसेस, म्हणजे गाण्यातले वाद्यांचे तुकडे, बसवायचं कामही माझ्याकडेच.

कोजागिरीच्या कार्यक्रमात एक सगळ्यांच्या ओळखीचं गाणं घेतलं, पण मूळ रेकॉर्डसारखं नाही वाजवलं. दुसऱ्या गावच्या एका तरुण ग्रुपने यूट्यूबवर त्याचं नवं संयोजन टाकलंय, ते जसंच्या तसं घेतलं. पहिला अंतरा नुसत्या गिटारवर, तबला थेट दुसऱ्या अंतऱ्याच्या समेवर, मधे बासरी-व्हायोलिनचे सवाल-जवाब. व्हिडिओ अर्ध्या स्पीडवर लावून दोन रात्रींत स्वर वहीत उतरवले. निवेदनात त्यांचं नाव आलं नाही. खरं सांगतो, सुचलंच नाही.

मग आम्ही टाकलेल्या कार्यक्रमाच्या क्लिपखाली नाही, खासगीत त्यांच्या संगीत-संयोजकाचा मेसेज आला. भांडण वगैरे काही नाही. एवढंच: "दादा, त्या जागेवर बासरी एक मात्रा उशिरा येते ना, ती आमच्या बासरीवाल्याची चूक होती. तुम्ही तीही घेतलीत."

कान तापले हो वाचून. आमचा बासरीवाला तो उशीर नेमका जमावा म्हणून आठवडाभर घाम गाळत होता!

तबलावाले काका म्हणतात, मूळ रेकॉर्डमधले पीसेस सगळेच वाजवतात, तेही कुणीतरी लिहिलेलेच की. मुद्दा खोटा नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या मंडळींनी हिंदी सिनेमासाठी पानंच्या पानं नोटेशन लिहिलं, आणि स्टेजवर आपण नाव घेतो फक्त संगीतकाराचं. पण मूळ पीस वाजला की तो रेकॉर्डमधला हे श्रोत्यांना ठाऊक असतं. इथे लोक मला भेटून म्हणाले, "काय सुंदर बसवलंय!" आणि मी "थँक्यू" म्हणालो.

कायद्याचं थोडं वाचलं. आयोजकांनी आयपीआरएस या कॉपीराइट संस्थेचं लायसन्स काढलं होतं, पण ते गीतकार-संगीतकारांच्या हक्कांपुरतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संयोजन हे रूपांतरात मोडतं, आणि तो हक्क मूळ संगीताच्या मालकाचा. गिटारवाला लगेच म्हणाला, "मग त्या पोरांनी तरी परवानगी घेतली होती का?" घेतली असो-नसो, म्हणून माझी उचलेगिरी माफ होते असं मला वाटत नाही.

अडचण अशी की दिवाळी पहाटच्या पत्रिकेत तेच गाणं छापून गेलंय. हातात नऊ दिवस. नाव घेऊन तेच वाजवायची परवानगी मागू, की सरळ मूळ पीसेसवर जाऊ? आम्हाला माणशी दीड हजार मिळतात, त्यातलं काही देऊ केलं तर अपमान वाटेल का त्यांना? आणि कोजागिरीची क्लिप काढून टाकू की खाली नाव लिहू?

ज्यांचं स्वतःचं संयोजन असं कुणी उचललंय, त्यांनी जरूर सांगा. मी अजून उत्तर दिलेलं नाही. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र त्यांना परवाच दिसल्यात.