मदत हवी आहे : दोन फुटी टाकी, एकच मासोळी, अन् पाणी खारपाणपट्ट्यातलं

खारं_पाणी

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या ज्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पट्ट्यात आमचं गाव येते.

दुकानाच्या काउंटरवर काचेची टाकी आहे. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. मागच्या महिन्यात तिच्यात फ्लॉवरहॉर्नचं दोन इंचाचं पिल्लू सोडलं, ९०० रुपयाचं. मला रंगीबेरंगी थवा नको होता. एकच पाहिजे, पण अशी की गिऱ्हाइकानं बिल होईपर्यंत तिच्याकडं पाहावं अन् तिनंही गिऱ्हाइकाकडं पाहावं. आठ दिवसांत ती ओळखायला लागली होती. मी शटर उघडलं की काचेला येऊन चिकटे, दुसरं कोणी आलं की मागं सरके.

एकोणिसाव्या दिवशी गेली.

काळजी घेतली नाही असं नाही. दर चौथ्या दिवशी पूर्ण पाणी बदलत होतो. रेती अन् फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून एकदम चकाचक. पाणी बोअरचं, कॅनवाल्याच्या मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) १९०० दाखवते. लाइट रोज दोन-तीन तास जाते, तेवढा वेळ फिल्टर बंद. गेली त्या सकाळी आधी वर येऊन तोंड उघडझाप करत होती, मंग एकदम गोल गोल फिरली अन् आडवी पडली.

खाऱ्या पाण्यानं मेली काय? त्याच टाकीत दुसरी आणू की दुसरं काही ठेवू? बायको म्हणते टाकी विकून टाका. विकायची नाही.

काचेपलीकडे

वाईट वाटलं. पण आधी एक सांगतो, मोठी झाली असती तरी ती त्या टाकीत राहिली नसती. फ्लॉवरहॉर्न हा १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तयार केलेला मासा. दोन-तीन वर्षांत फूटभर होतो. त्याला चार फुटी टाकी लागते. दोन फुटीत त्याला नीट वळताही येत नाही, मग तो चिडका होतो आणि लोक म्हणतात, वा, काय रुबाब आहे.

खारेपणाला मी लगेच दोष देणार नाही. फ्लॉवरहॉर्नला जड पाणी चालतं, उलट पाळणारे मुद्दाम थोडं मीठ टाकतात. मला खटकतंय ते तुमचं चकाचक. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू स्पंजात आणि रेतीत वस्ती करतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट, आणि ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर चार दिवसांनी ती घासून गटारात सोडत होता. त्यात पाण्याचा सामू (पीएच) जितका चढा, तितका तोच अमोनिया जास्त विषारी.

बाप्पा_रे

भाऊ, मी त म्हन्तो दुसरी फ्लॉवरहॉर्नच आना. मोठी झाली की शेततळ्यात सोडून द्या. तिकडं काय कमी जागा आहे?

मामा_तलाव

हे मात्र करू नका. मी भंडाऱ्याची, आमच्याकडे मालगुजारीच्या काळातले तलाव आहेत. फ्लॉवरहॉर्न सिक्लिड कुळातला, तिलापिया मासाही त्याच कुळातला. १९५२ मध्ये तो बाहेरून भारतात आणला, आता कुठल्याही तलावात जाळं टाका, निघतो. घरचा मासा उघड्या पाण्यात सोडायचा नाही. पुराच्या दिवसात शेततळं नाल्याला मिळायला वेळ लागत नाही.

आणि दादा, एक विचारते. ते गोल गोल फिरणं वाचून डोक्यात आलं. तुमचं दुकान कशाचं आहे?

खारं_पाणी

कृषी केंद्र.

बाप्पा_रे

😂 झालं. उत्तर भेटलं.

मामा_तलाव

हसू नका हो. दादा, अमोनियाचं वरच्यांनी बरोबरच सांगितलं, त्यानं मासा वर येऊन श्वास घेतो. पण गिरक्या घेऊन आडवा पडणं हे कीटकनाशकाचंही लक्षण असतं. तुमच्या मागच्या फळीवर सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन असणारच. माणसाला त्यांचा जेवढा त्रास होतो त्याच्या कितीतरी पट माशाला होतो. पाण्यात अगदी नावाला गेलं तरी पुरतं. आणि हवेचा पंप दुकानातलीच हवा ओढून बुडबुड्यांवाटे पाण्यात सोडतो. डास मारायची लिक्विडची मशीन टाकीजवळ लावू नका म्हणतात ते याचसाठी. तुम्ही तर अख्खी फळी लावून बसला आहात.

माल उतरवल्यावर खाणं घालायला हात टाकीत गेला होता का?

खारं_पाणी

ताई, खरं सांगतो, हे वाचल्यावर दहा मिनिटं काउंटरवर तसाच बसलो होतो. आदल्या संध्याकाळी जूनचा माल आला. एका खोक्यात बाटली लिक होती. खोकं पुसलं, हात धुतले. धुतले म्हणजे पाण्यानं. साबण लावलं की नाही आठवत नाही. मंग रोजच्यासारखं दाणे टाकले अन् वर आलेली उष्टी काडी बोटानं काढली.

रोज शेतकऱ्यांना सांगतो, फवारा मारल्यावर हातपाय साबणानं धुवा.

टाकी घरी नेतो. ओसरीत जागा आहे. पण मासोळी कोणती?

काचेपलीकडे

नक्की कशानं गेली हे आता कळणार नाही, दोन्ही कारणं एकाच वेळी हजर होती. टाकी घरी नेताय ते उत्तम. रेती आणि स्पंज फेकून द्या, नवीन घ्या. काच धुऊन उन्हात ठेवा. आणि पाण्याची बादली नवी आणा. ज्या बादलीत एकदा जरी औषध कालवलं असेल ती नको.

दोन फुटीला माझं मत कॉन्व्हिक्ट सिक्लिड. मध्य अमेरिकेतला मासा, राखाडी अंगावर काळे उभे पट्टे, म्हणून कैदी. जड पाणी सोसतो. नर पाच इंचांपर्यंत जातो, मादी लहान राहते आणि तिच्या पोटावर केशरी डाग येतो. तुम्ही मादी घ्या. एकटीच. जोडी घेतली तर महिन्यात शंभर पिल्लं आणि दोन फुटात महाभारत. एकटी मादीही कधी कधी अंडी घालते, ती फलत नाहीत, घाबरू नका. ओळख धरायच्या बाबतीत फ्लॉवरहॉर्नपेक्षा कमी नाही. रेती उकरून इकडची तिकडे करणं हा तिचा दिवसभराचा उद्योग, त्यामुळे झाडं लावायच्या भानगडीत पडू नका. कुंभाराकडचं छोटं गाडगं आडवं ठेवा, त्यावर ती मालकी सांगेल आणि तुमच्या बोटावर धावून येईल.

काही जण रॅम नावाचा छोटा सिक्लिड सुचवतील, दिसायला फार देखणा. पण त्याला मऊ पाणी लागतं. तुमच्या पाण्यात नको.

मामा_तलाव

पाण्याचं माझ्याकडून. १९०० चालून जाईलही, पण दुकानातल्या ३००-४०० च्या पिशवीतून थेट १९०० मध्ये टाकणं म्हणजे मार आहे. सध्या पावसाळा आहे. स्लॅबवरचं पाणी धरा, पहिले दोन-तीन पाऊस सोडून. टिनाच्या छपराचं नको, नव्या टिनाचं जस्त उतरतं आणि ते माशाला वाईट. एक भाग बोअर, दोन भाग पाऊस असं केलं की साडेसहाशेच्या आसपास येईल. उन्हाळ्यात पावसाऐवजी कॅनचं आरओ. नुसतं आरओ मात्र भरू नका, त्यात क्षार उरत नाहीत, मग सामू एकदम घसरू शकतो. योजनेचं नळाचं पाणी येत असेल तर त्यातलं क्लोरीन जायला ते एक दिवस उघडं ठेवा किंवा अँटिक्लोरिन टाका.

दर आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा, जास्त नाही. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

आणि हे इकडचे सगळेच चुकतात. उन्हाळ्यात पाणी उडतं तेव्हा क्षार मागे राहतात. कुलरच्या गवतावर पांढरा थर येतो तो त्याचाच. उडालेलं पाणी भरायचं ते बोअरचं नाही, आरओचं. नाहीतर मे महिन्यात टीडीएस कुठल्या कुठे जातो. ४५ अंशात टाकीवर आडवा टेबल फॅन ठेवला तर दोन-तीन अंश उतरतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून लाइट गेली की चार्जिंगचा छोटा हवापंप जोडा आणि त्या दिवशी खाणं अर्धं करा. डिसेंबरात ५० वॉटचा हीटर लागेल.

बाप्पा_रे

कैदी पाळून राहिले म्हना की भाऊ. जेलर कोन, वहिनी?

खारं_पाणी

जेलर तीच आहे, यात शंका नाही.

परवा टाकी ओसरीत नेली. पाण्यात मिसळ केली, मीटर ६४० दाखवते. नवीन स्पंज, इंचभर रेती, अन् शेजारच्या कुंभाराकडून गाडगं आणलं, त्यानं पैसे घेतले नाहीत, कशाला पाहिजे विचारून हसत बसला. आता पोळ्यापर्यंत मासोळी आणत नाही. जिवाणूंची वस्ती बसायला रोज चिमूटभर दाणे रिकाम्या टाकीत टाकायचे असं एकानं निरोपात सांगितलं, ते काम पोरीनं घेतलं. साबणानं हात धुऊन टाकते. मंग पंधरा मिनिटं काचेसमोर बसते. शेजारच्या आजी विचारून गेल्या, पोरगी पाण्याले काहून चारून राहिली.

फक्त अमोनिया मोजायची किट अकोल्यात दोन ठिकाणी पाहिली, भेटली नाही. नागपूरहून कोणी कुरिअरनं पाठवते काय? खर्च देतो.