शब्द, वचन की शास्त्रलेख?

गोरेगावहून प्रश्न: मुंबईत बऱ्याच ठिकाणी मराठी आणि हिंदी उपासना एकाच इमारतीत होतात. हिंदी बायबलमध्ये योहानाचं शुभवर्तमान ‘आदि में वचन था’ असं सुरू होतं, मराठीत ‘प्रारंभी शब्द होता’ असं. नाताळच्या फलकावर ‘वचन देही झाले’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘वचनात सामर्थ्य आहे’ म्हणतात, ते नेमकं कशात?

भायखळ्याहून: फलकावर ‘शब्द’च हवा. हिंदीत वचन पुल्लिंगी आहे, मराठीत नपुंसकलिंगी. मूळ ग्रीक ‘लोगोस’ पुल्लिंगी, आणि इथे तो शब्द म्हणजे स्वतः ख्रिस्त. ‘वचन’ घेतलंत की योहान १:२ मधल्या ‘तो’चं ‘ते’ करावं लागेल आणि व्यक्तीची वस्तू होईल. एरवी वचन म्हणजे देवाचं बोलणं, किंवा अध्यायातला क्रमांक दिलेला भाग. शब्बाथ शाळेत मुलं पाठ करतात ते वचन.

गिरगावहून: सामर्थ्याबद्दल. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतल्या ‘दाबार’चा अर्थ शब्द असाही होतो आणि गोष्ट, घडलेली घटना असाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव बोलतो आणि तसं घडतं, ते याच समजुतीतून. १ शमुवेल ३:१९ मध्ये परमेश्वराने शमुवेलाचा एकही शब्द ‘जमिनीवर पडू दिला नाही’ असं हिब्रूत शब्दशः आहे. आपण ‘शब्द खाली पडू दिला नाही’ म्हणतो, अगदी तेच! यशया ५५:१०-११ मध्ये पाऊस जमीन भिजवून पीक आणतो, तसं देवाचं वचन कार्य केल्याशिवाय परत जात नाही. म्हणजे सामर्थ्य बोलणाऱ्याचं आहे, अक्षरांच्या उच्चाराचं नाही. प्रेषितांची कृत्ये १९:१३-१६ मध्ये भुतं काढणारे स्किवाचे मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला जातात आणि भूत लागलेल्या माणसाकडून मार खाऊन, उघडेनागडे पळतात.

वांद्र्याहून: पण ‘लोगोस’ म्हणजे लिहिलेलं वचन आणि ‘रेमा’ (बोललेला शब्द या अर्थाचा दुसरा ग्रीक शब्द) म्हणजे आज मला मिळालेलं खास वचन, असा भेद प्रवचनांत सांगतात ना?

भायखळ्याहून: सांगतात, पण नव्या करारात तो टिकत नाही. कृत्ये १०:४४ घ्या. पेत्र बोलतो ती ‘रेमा’ (अनेकवचनात), आणि ऐकणारे ऐकतात तो ‘लोगोस’, वाक्य एकच. १ पेत्र १:२३ मध्ये जिवंत वचनाला ‘लोगोस’ म्हटलंय, दोनच वचनांनंतर टिकणाऱ्या वचनाला ‘रेमा’. या भेदावर शिकवण उभी केली की आपल्या मनात आलेलं वाक्य शास्त्रापेक्षा वरचढ ठरू लागतं. धोका तिथे आहे, म्हणून एवढं ताणून लिहिलं.

गोरेगावहून: मग शास्त्रलेख?

गिरगावहून: तो ग्रीक ‘ग्राफे’, म्हणजे लिखाण. २ तीमथ्य ३:१६ मधला ‘परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख’ हाच. येशू ‘शास्त्रलेख’ म्हणतो तेव्हा रोख आजच्या जुन्या करारावर असतो. २ पेत्र ३:१६ मात्र पौलाची पत्रंही त्याच पंक्तीत बसवतं.

फलकासाठी वचन निवडताना त्याच्या आधीची आणि नंतरची किमान पाच वचनं वाचा. फिलिप्पै ४:१३ मधलं ‘मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ परीक्षेच्या शुभेच्छापत्रांवर छापतात, पण ११ आणि १२ मध्ये पौल भूक आणि विपन्नतेत राहायला शिकल्याचं सांगतोय. तोडून वचन वापरणं सैतानालाही येतं. मत्तय ४:६ मध्ये तो स्तोत्र ९१ मधलं वचन म्हणतो, आणि येशू त्याला ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या ६:१६ ने अडवतो. शास्त्राला उत्तर शास्त्रानेच, पण पूर्ण संदर्भासकट. फलकावर संदर्भ पूर्ण लिहा, नुसतं ‘योहान’ नको: शुभवर्तमानाशिवाय योहानाची तीन पत्रंही आहेत. तुमच्यासाठी ‘शब्द देही झाला – योहान १:१४’ एवढं पुरे.